मनगटावरचं बीपी, दंडावरची साखर: मिरजेच्या एका दुरुस्तीवाल्याचा अभिप्राय

निकाल आधी सांगतो, म्हणजे घाई असलेल्यांनी पुढचं वाचलं नाही तरी चालेल. दीड-दोन हजारांत ‘बीपी, ऑक्सिजन, शुगर, सगळं दाखवणारं’ घड्याळ मिळतं, ते घेऊ नका. ईसीजी काढणारं महागडं घड्याळ मोजक्या माणसांच्या खरंच कामाचं आहे, बाकीच्यांच्या मनगटावर ते शोभेला. दंडावर चिकटवायचा साखरेचा सेन्सर खिशाला जड आहे, त्याच्या चिकटपट्टीची कटकट आहे, तरी या तिघांत पैसे वसूल करून देणारा तोच.

हे सांगणारा मी कोण? मिरजेत दवाखान्यांच्या रस्त्याला माझं वैद्यकीय उपकरणांच्या विक्री-दुरुस्तीचं दुकान आहे. डॉ. वॉन्लेस यांनी १८९४ साली इथं हॉस्पिटल काढलं, तेव्हापासून जत, अथणी, चिकोडीकडची माणसं दुखणं घेऊन मिरजेलाच उतरतात. त्यामुळं माझ्या काउंटरवर मराठी आणि कन्नड दोन्ही चालतं. बीपी मशिनाचे कफ, म्हणजे दंडाला बांधायचे फुगणारे पट्टे, बदलणं, पाऱ्याच्या मशिनाची नळी साफ करणं, ईसीजीच्या तुटलेल्या लीड जोडणं यातच माझी उमर गेली. हल्ली मात्र लोक मशीन आणण्याऐवजी मनगटच पुढं करतात. “हे बघा की. घड्याळात एकशे अठरा दाखवतंय, डॉक्टर एकशे साठ म्हणत्यात. खरं कुणाचं?”

एवढ्या वेळा हा प्रश्न आला की शेवटी स्वतःच घेऊन बघायचं ठरवलं. कुठल्या कंपनीनं काही फुकट दिलेलं नाही. स्वस्त घड्याळ माझ्या पैशाचं, महागडं जावयाचं, आणि सेन्सर आमच्या हिच्या दंडावरचा.

स्वस्त घड्याळापासून सुरू करतो. कंपनीचं नाव लिहीत नाही. लिहून उपयोगही नाही, कारण तेच घड्याळ वेगवेगळ्या नावांनी बाजारात ढिगानं पडलंय. खोकं हातात आलं की मी तळापासून वाचतो, ही धंद्याची सवय. या खोक्याच्या तळाशी भारतीय मानक ब्युरोची खूण होती आणि ‘आर’नं सुरू होणारा नंबर होता. गिऱ्हाईक तो नंबर दाखवून म्हणतं, “सरकारमान्य आहे की.” आहेच. पण त्या नंबराचा अर्थ एवढाच, की ही विजेची वस्तू सुरक्षेच्या चाचणीतून गेली आहे. त्यातला बीपीचा आकडा कुणी तपासलाय असा त्याचा अर्थ होत नाही.

आकडा तपासला असेल तर खोक्यावर दुसराच नंबर लागतो. देशात बनलेल्या वस्तूवर ‘एमएफजी/एमडी’ आणि आयात वस्तूवर ‘आयएमपी/एमडी’ अशी त्याची सुरुवात असते. एमडी म्हणजे मेडिकल डिव्हाइस, वैद्यकीय उपकरण. वैद्यकीय उपकरणांचे नियम २०१७ चे. फेब्रुवारी २०२० च्या अधिसूचनेनं जवळजवळ सगळीच उपकरणं, अगदी सॉफ्टवेअरसुद्धा, औषधाच्या कायद्याखाली आणली. धोक्याप्रमाणं ए, बी, सी, डी असे चार वर्ग आहेत आणि आपलं साधं बीपी मशीन बी वर्गात बसतं. ए आणि बी वर्गाला १ ऑक्टोबर २०२२ पासून, सी आणि डी वर्गाला १ ऑक्टोबर २०२३ पासून परवाना सक्तीचा झाला. माझ्यासारख्या दुकानदारालाही त्यासाठी कागदपत्रांची फाईल करावी लागली, पण ते असो.

या घड्याळावर एमडीचा नंबर नाही. पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरात ‘ब्लड प्रेशर’, आणि मागच्या बाजूला भिंग लावून वाचावं लागेल अशा अक्षरात ‘हे वैद्यकीय उपकरण नाही, निदानासाठी वापरू नये’. विकताना बीपी आणि विचारायला गेलात तर खेळणं, असा हा कारभार.

आता चाचणी. दुकानात बसलेल्या माणसाचं आधी पाऱ्याच्या मशिनावर बीपी घ्यायचं, मग घड्याळावर. ज्यांचं बीपी ठीक होतं त्यांचं घड्याळही ठीकच दाखवत होतं, त्यामुळं पहिले काही जण खूश. मग आमच्या शेजारचे किराणावाले आले. पाऱ्यावर १७२ आणि १०४. घड्याळ म्हणालं १२१ आणि ७९. जिना चढून आलेला, धापा टाकणारा हमाल, घड्याळ म्हणालं ११९ आणि ७७. मी ॲपमध्ये जाऊन वय अठ्ठावन्नच्या जागी पंचवीस टाकलं, तर माझंच बीपी दोन मिनिटांत सुधारलं. शेवटी पंचाची गुंडाळी केली आणि घड्याळ तिला बांधलं. पंचाचं बीपी ११६ आणि ७४ आलं, ठोके ७१. पंचा ठणठणीत आहे.

हसण्यावारी नेऊ नका, यात मशिनाची खरी परीक्षा आहे. दंडाचं चांगलं बीपी मशीन उशीला बांधा, ते ‘एरर’ दाखवेल. कफ सैल बांधला, हात हलला, ठोके अनियमित असले तरी एरर दाखवेल. गिऱ्हाईक एररला वैतागतं आणि मशीन परत आणतं. मला मात्र एरर दाखवणारं मशीनच विश्वासाचं वाटतं. ‘मला जमलं नाही’ असं ज्या यंत्राला सांगताच येत नाही, त्यानं सांगितलेलं बाकी काही खरं धरायचं कसं?

घड्याळाला बीपी का जमत नाही, तेही थोडं सांगतो. कफ फुगतो तेव्हा धमनी दाबली जाते. हवा सोडायला लागली की धमनीची धडधड कफात उतरते आणि ती कुठल्या दाबाला सर्वात जोरात आहे त्यावरून मशीन हिशेब करतं. म्हणजे तिथं खरोखरचा दाब खऱ्या दाबाशी झुंजवलेला असतो. घड्याळाच्या पोटाखालचा हिरवा दिवा फक्त कातडीखालच्या बारीक रक्तवाहिन्यांत रक्त किती भरतंय आणि उतरतंय एवढंच बघतो. त्यातून ठोके मोजता येतात, आणि बसल्या जागी बरे येतात. दाब मात्र त्या उजेडात कुठं दिसत नाही. लाटेच्या आकारावरून अंदाज बांधायचा, आणि अंदाज बांधायलाही कुठून तरी खुंटी लागते.

सॅमसंगनं ही खुंटी सरळ मान्य केली. त्यांच्या घड्याळातल्या बीपीला एप्रिल २०२० मध्ये दक्षिण कोरियाच्या नियामकानं मान्यता दिली. पण अट अशी, की आधी कफवाल्या मशिनाशी ते जुळवून घ्यायचं आणि दर २८ दिवसांनी पुन्हा जुळवायचं. म्हणजे घड्याळ घेतलं तरी मशीन घरात हवंच. ओम्रॉननं दुसरी वाट धरली आणि घड्याळाच्या पट्ट्यातच फुगणारा कफ बसवला. त्याला अमेरिकेच्या एफडीए या औषध-उपकरण नियामकाची मंजुरी डिसेंबर २०१८ मध्ये मिळाली आणि किंमत ठेवली ४९९ डॉलर. मोजणी खरी, पण मनगट काळजाच्या उंचीला धरून गप्प बसावं लागतं. एवढं करायचं तर मी दंडालाच कफ बांधीन.

सगळ्यात बोलकं उदाहरण ॲपलचं. एवढी अफाट पैसेवाली कंपनी. त्यांच्या घड्याळातल्या उच्च रक्तदाबाच्या सूचनेला एफडीएनं सप्टेंबर २०२५ मध्ये मंजुरी दिली, आणि ते घड्याळ बीपीचा आकडाच दाखवत नाही! तीस दिवसांची माहिती बघून ‘तुमचा दाब जास्त असण्याची शक्यता आहे, कफवाल्या मशिनानं तपासा’ एवढंच सांगतं. कंपनीच्या म्हणण्यानुसार लाखाहून जास्त लोकांच्या माहितीवर ते बेतलं आणि दोन हजारांहून जास्त लोकांवर पडताळलं. एवढं करून त्यांनी आकडा द्यायचं धाडस केलं नाही, आणि पंधराशेचं घड्याळ पंचाला आकडा देतं.

हा खेळ फक्त आपल्याकडचा नाही. जुलै २०२५ मध्ये एफडीएनं व्हूप या अमेरिकी कंपनीला बीपीच्या सोयीवरून इशाऱ्याचं पत्र दिलं. कंपनी म्हणत होती, आम्ही फक्त तब्येतीची सर्वसाधारण माहिती देतो. एफडीएचं तेव्हा म्हणणं असं होतं, की बीपीचा अंदाज हा मुळातच रोगाच्या निदानाशी जोडलेला आहे, बाजूला चार शब्द लिहून ते नातं तुटत नाही.

मग खरं मोजणारी वस्तू बाजारात का येत नाही? याचं उत्तर मला माझ्या भाच्याकडून कळलं. तो पुण्यात एका छोट्या कंपनीत होता. छातीवर चिकटवायची, काही दिवस सलग ईसीजी नोंदवणारी पट्टी ते बनवत होते. दिवाळीला आला की मी विचारायचो, “काय रे, कधी येणार तुझी पट्टी माझ्या दुकानात?” तो म्हणायचा, “मामा, सर्किट कधीच झालंय. आता ते खरं बोलतंय हे दाखवायचं चाललंय.”

दाखवायचं म्हणजे काय, ते त्यानं मला सांगितलं. आधी गुणवत्तेची अख्खी व्यवस्था उभी करायची, आयएसओ १३४८५ प्रमाणं. कुठला स्क्रू कुणाकडून घेतला इथपासून सगळं कागदावर. मग विजेच्या सुरक्षेच्या आणि लहरींच्या अडथळ्याच्या चाचण्या, कारण शेजारी मोबाईल वाजला म्हणून पेशंटचं हृदय बंद पडल्याचं दिसायला नको. मग कातडीला लागणाऱ्या प्रत्येक पदार्थाची चाचणी. चाचणीपुरता माल बनवायचा तरी एमडी-१३ ची वेगळी परवानगी. मग हॉस्पिटलच्या नीतिमत्ता समितीपुढं जायचं, पेशंटची संमती घ्यायची, आणि आपली पट्टी डॉक्टरांच्या मशिनाशी ताडून बघायची.

हे सगळं होईपर्यंत खरी अडचण सर्किटात नव्हतीच, ती निघाली डिंकात. पुण्यात एसीच्या खोलीत चिकटलेली पट्टी सोलापूरच्या मे महिन्यात दुसऱ्या दिवशी सुटायची. घामानं सुटते म्हणून डिंक कडक केला तर कातडी सोलून निघायची. छातीवर केस असले तर भादरावं लागायचं, आणि भादरलेले केस उगवायला लागले की खाज. पट्टीचा एक कोपरा उचलला गेला की ईसीजीत अशी काही वेडीवाकडी रेघ यायची, की ॲप ‘हृदयाची लय बिघडली’ म्हणून बोंब मारायचं. मग डॉक्टरांचा फोन. डॉक्टरांनी एकदा भाच्याला विचारलं होतं, “रात्री दोनला तुझा अलार्म वाजला तर मी उठू, का पेशंटचा मुलगा उठणार, का तुझं ऑफिस उठणार?” याचं उत्तर कुठल्याच सर्किटात नसतं.

आणि एवढं सगळं केल्यावर किमतीचा प्रश्न. वस्तू बनवायला लागतं त्याच्या कित्येक पट पैसे ती खरी आहे हे सिद्ध करायला लागतात, आणि ते किमतीत चढतात. आपल्याकडं असा खर्च बहुतेक घरच्यांच्याच खिशातून जातो. ते विचारतात, “पंधराशेच्या घड्याळात ईसीजीपण दाखवतंय की, मग हे कशाला?” पंचाचं बीपी दाखवणारी वस्तू राजरोस विकली जातेय तोवर खऱ्या पट्टीला गिऱ्हाईक मिळणं अवघड, हे माझं स्पष्ट मत. भाच्याच्या कंपनीनं शेवटी घरोघरी विकायचा नाद सोडला. आता ते पट्ट्या हॉस्पिटलांना भाड्यानं देतात आणि अहवाल वाचायला माणूस ठेवतात. भाचा दुसरीकडं गेला. बरा आहे.

ऑक्सिजनबद्दल थोडक्यात. कोविडच्या दुसऱ्या लाटेत बोटाला लावायचे ऑक्सिमीटर मी हवे तेवढे आणू शकलो नाही, आणि त्याच वेळी लोक घड्याळातलं ‘एसपीओटू’, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा, बघून घरी निवांत बसत होते. बोटाच्या चिमट्यात लाल आणि अवरक्त उजेड एका बाजूनं दुसऱ्या बाजूला आरपार जातो. जपानच्या ताकुओ आओयागी या अभियंत्यानं १९७४ मध्ये मांडलेली ही युक्ती. मनगटात उजेड आरपार जात नाही, परत फिरलेला पकडावा लागतो, म्हणून ते काम मुळात जास्त अवघड. शिवाय हे मशीन खरं मोजतं का हे बघायला धडधाकट स्वयंसेवकांना कमी ऑक्सिजनची हवा देऊन त्यांचं प्रमाण सत्तर टक्क्यांपर्यंत उतरवावं लागतं आणि दर वेळी धमनीतलं रक्त काढून ताडावं लागतं. पंधराशेच्या घड्याळासाठी कुणी हे केलं असेल असं तुम्हाला वाटतं का?

त्यात कातडीच्या रंगाची भानगड आहे. डिसेंबर २०२० मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये मिशिगनच्या डॉक्टरांनी दाखवलं, की ऑक्सिमीटर ठीक आकडा दाखवत असताना रक्तात ऑक्सिजन खरा कमी असण्याचं प्रमाण गोऱ्या पेशंटांत ३.६ टक्के होतं, तर काळ्या पेशंटांत ११.७ टक्के. हे हॉस्पिटलातल्या चांगल्या मशिनांचं. आपल्या उन्हात रापलेल्या शेतकऱ्याच्या मनगटाचा विचार कुठल्या कारखान्यात झाला असेल, ते तुम्हीच ठरवा. आणि तंत्र जमलं तरी पेटंट आडवं येतंच. ऑक्सिमीटर बनवणाऱ्या मॅसिमो कंपनीशी झालेल्या भांडणात डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत ॲपलच्या घड्याळांच्या आयातीवर बंदी आली, आणि मग ऑक्सिजनची सोय काढून टाकून घड्याळं विकावी लागली. ती तिथं परत आली ती ऑगस्ट २०२५ मध्ये, तीही हिशेब घड्याळाऐवजी फोनवर हलवून.

जावयाचं ईसीजीवालं घड्याळ. ही सोय ॲपलनं २०१८ मध्ये आणली, एफडीएची मंजुरी हातात घेऊनच. मागं एक इलेक्ट्रोड, कडेच्या बटणात दुसरा. दुसऱ्या हाताचं बोट तीस सेकंद टेकवलं की एका लीडचा, म्हणजे हृदयाकडं एकाच बाजूनं बघणारा, ईसीजी निघतो. मी तो माझ्या मशिनावरच्या पहिल्या लीडशी लावून बघितला. रेघ स्वच्छ आहे, मापं जुळतात, मला नाव ठेवायला जागा सापडली नाही. हात थरथरला तर ‘निष्कर्ष काढता येत नाही’ म्हणतं, म्हणजे माझ्या एररच्या परीक्षेत पास.

पण ते एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे वरच्या कप्प्यांची बिघडलेली लय ओळखण्यासाठी आहे. हार्ट अटॅक ओळखत नाही, कंपनी स्वतः तसं लिहिते. हे कुणी वाचत नाही. ‘साइनस ऱ्हिदम’, म्हणजे लय ठीक, असं आलं म्हणून छातीत दुखत असताना सोडा-लिंबू पिऊन झोपणारे लोक मला माहीत आहेत. छातीत दुखलं, जबडा किंवा डावा हात भरून आला तर घड्याळ काढून खिशात टाका आणि बारा लीडचा ईसीजी जिथं निघतो तिथं जा. मिरजेत तर दर दहा पावलांवर निघतो.

उपयोग कुणाला? आमच्या गल्लीतल्या एका निवृत्त सरांना मधूनच धडधड व्हायची. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं शांत, ईसीजी नॉर्मल. त्यांच्या मुलीनं हे घड्याळ पाठवलं, धडधड सुरू झाली तशी त्यांनी रेघ काढली आणि डॉक्टरांना दाखवली. अशा माणसाला जरूर घ्या. विशीतल्या पोरानं घेऊ नये असं नाही, पण त्यानं मनाची तयारी ठेवावी. ॲपल आणि स्टॅनफर्डच्या अभ्यासात ४,१९,२९७ माणसं होती. त्यातल्या अर्ध्या टक्क्याला अनियमित नाडीची सूचना आली, आणि सूचना आलेल्यांपैकी ज्यांनी पुढं छातीला ईसीजीची पट्टी लावून तपासणी पूर्ण केली त्यांच्यात ३४ टक्क्यांनाच एट्रियल फिब्रिलेशन सापडलं. ही लय येते-जाते, त्यामुळं बाकीचे सगळे खोटे अलार्म असं म्हणता येत नाही. पण तोवर रात्रीची झोप कुणाची गेली, ते कुठल्या तक्त्यात येत नाही.

तब्येत मोजणाऱ्या अंगठ्या अजून माझ्या काउंटरवर कुणी आणल्या नाहीत, त्यामुळं अभिप्राय नाही. बंगळुरूच्या अल्ट्राह्यूमनची अंगठी अमेरिकेत ऑक्टोबर २०२५ मध्ये आयातबंदीत सापडली, तीही ओउरा कंपनीच्या पेटंटवरून, एवढं ऐकून आहे.

आता साखर. आधी एक गोष्ट पक्की करा: न टोचता साखर दाखवणारं घड्याळ आज बाजारात असेल तर ते फसवणूक आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये एफडीएनं जाहीरच केलं, की असं एकही घड्याळ किंवा अंगठी आम्ही मंजूर केलेली नाही, वापरू नका. आणि हे स्वप्न नवं नाही. ग्लुकोवॉच नावाचं घड्याळ अमेरिकेत २००१ साली रीतसर मंजूर झालं होतं. बारीक वीजप्रवाह सोडून ते कातडीतून द्रव वर ओढायचं. चालू केल्यावर तीन तास थांबायचं, तरी बोट टोचून जुळवायचंच, घाम आला की मोजणी गाळायचं, आणि कातडी लाल होऊन चुरचुरायची. मंजुरी मिळूनही लोकांनी ते मनगटावर ठेवलं नाही, काही वर्षांत ते बाजारातून गेलं. कागदावर पास होणं वेगळं आणि माणसाच्या अंगावर टिकणं वेगळं.

दंडावरचा सेन्सर टिकला, कारण त्यानं टोचण्याशी तडजोड केली. केसासारखा बारीक तंतू कातडीखाली राहतो आणि पेशींमधल्या द्रवातली साखर सलग मोजतो. ॲबटचा फ्रीस्टाइल लिब्रे २०१४ मध्ये युरोपात आला, त्यात कारखान्यातूनच जुळवणी करून येते, बोट टोचून जुळवावं लागत नाही आणि एक सेन्सर चौदा दिवस चालतो. आमच्या हिनं वापरला तो नेमका कुठल्या कंपनीचा ते लिहीत नाही, कारण तक्रारी पण लिहिणार आहे.

लावताना दुखलं नाही. पहिल्याच सकाळी पोह्यांनी आलेख टेकडीसारखा चढला. “पोहे हलके असतात,” हे आमच्या घरातलं ब्रह्मवाक्य त्या दिवशी मोडलं. ज्वारीची भाकरी, पिठलं आणि मेथी खाल्ली त्या दुपारी रेघ जवळजवळ सपाट. जेवून पंधरा मिनिटं चाललं तर चढ बुटका होतो, हे डॉक्टर वर्षानुवर्षं सांगत होते. तिनं ते फोनवर बघितलं आणि दुसऱ्या दिवसापासून रेल्वे स्टेशनच्या बाजूला फेरी सुरू. माझ्या सांगण्याला जे जमलं नाही ते त्या रेघेनं केलं.

तक्रारी अशा. सेन्सर लावायची जागा आणि ब्लाउजच्या बाहीची शिवण एकाच ठिकाणी येते. हे ज्यांनी बनवलं त्यांच्या घरात कुणी ब्लाउज घालत नसावं. पहिला सेन्सर ब्लाउज काढताना बाहीबरोबर निघून आला. बदलून मिळाला, पण फोटो पाठवा, नंबर पाठवा, फॉर्म भरा यात दिवस गेले. त्या कुशीवर झोपलं की दंड दबतो आणि साखर खोटी कमी दिसते. मध्यरात्री अलार्म, मी गुळाचा खडा घेऊन उभा, बोटातून बघितलं तर सगळं ठीक. साखर वेगानं चढ-उतार करत असेल तर सेन्सर बोटातल्या रक्ताच्या आकड्याच्या मागं काही मिनिटं राहतो, म्हणून त्या वेळी इन्सुलिनचा निर्णय एकट्या सेन्सरवर घेऊ नये. काही सेन्सरांत व्हिटॅमिन सीच्या मोठ्या गोळ्यांनी आकडा खोटा वाढतो. पट्टीखाली कातडी लाल झाली तर खाजवत बसू नका, डॉक्टरांना दाखवा. डिंकातल्या एका रसायनाची ॲलर्जी २०१७ मध्येच बेल्जियमच्या त्वचारोगतज्ज्ञांनी नोंदवली होती. आणि खोक्यावर साठवणुकीचं तापमान छापलेलं असतं. एप्रिलमध्ये कुरियरच्या पत्र्याच्या गाडीत सांगलीहून मिरजेला फिरत आलेला सेन्सर किती तापला असेल याची नोंद कुणी ठेवत नाही. म्हणून उन्हाळ्यात ऑनलाइन मागवू नका, फ्रीज असलेल्या औषध दुकानातून घ्या.

किंमत एका सेन्सरला पाच हजारांच्या आसपास, म्हणजे कायम लावायचा तर महिन्याला दहा. इन्सुलिनवरच्या, विशेषतः लहान मुलांच्या आईबापांनी कर्ज नसेल होत तर हा खर्च जरूर करावा. गोळ्यांवर असलेल्यांनी वर्षातून एक-दोनदा लावावा, एक साध्या दिवसांत, एक सणासुदीत. त्यातून स्वतःच्या ताटाबद्दल जे कळायचं ते कळतं. मधल्या काळात बोट टोचून बघायच्या पट्ट्या आणि ग्लुकोमीटर आहेच.

दुरुस्तीवाला म्हणून एक नाराजी या सगळ्याच वस्तूंवर आहे. दंडाच्या बीपी मशिनाला नवा कफ घातला, नळी बदलली, पाऱ्याशी ताडून घेतलं की ते आणखी कितीतरी वर्षं चालतं. घड्याळ उघडत नाही, बॅटरी चिकटवलेली, ताडून घ्यायला जागा नाही. आणि कंपनी बुडाली की ॲप बंद, मग मनगटावर नुसतं कडं. जॉबोन ही मनगटपट्ट्यांची एकेकाळी गाजलेली कंपनी २०१७ मध्ये अशीच गुंडाळली गेली. घेताना दुकानदाराला एवढं विचारा: ॲप बंद पडलं तर यात काय दिसेल?

गुण द्यायचेच तर पाचपैकी: स्वस्त घड्याळाला एक, तोही वेळ बरोबर दाखवतं म्हणून. ईसीजीवाल्याला सरांच्या हातात साडेचार, माझ्या हातात दोन. साखरेच्या सेन्सरला चार. बाहीचा प्रश्न सोडवला तर साडेचार.

सध्या काउंटरवर मी घड्याळं ठेवत नाही. दंडाचं डिजिटल बीपी मशीन दीड ते अडीच हजारांत आहे, एमडीचा नंबर खोक्यावर दाखवून देतो, जाड दंडाचा मोठा कफ वेगळा मिळतो. ज्याच्याकडं घड्याळ आहे त्यानं ते घेऊन यावं, शेजारी पाऱ्यावर बीपी बघून देतो, पैसे नाहीत. फक्त येताना चहा पिऊन येऊ नका, आणि आल्यावर पाच मिनिटं न बोलता बसायची तयारी ठेवा.